वाढतं माप

मराठी मध्यमवर्गीय घरात लहान मुलासाठी मापाची वस्तू सहसा विकत घेतली जात नाही. गणवेश घ्यायचा तो पुढच्या इयत्तेचा, स्वेटर विणायचा तो पुढच्या थंडीचा, आणि रेनकोट तर असा की पहिल्या पावसाळ्यात तो मुलाने घातला आहे की मुलाला त्यात ठेवलं आहे, हे शाळेच्या फाटकावरच्या मामांनाही ओळखता येऊ नये. "वाढतं अंग आहे" हे आपल्या वर्गाचं घोषवाक्य. मुलगा बिचारा पहिलीत असतो, त्याचे कपडे तिसरीत गेलेले असतात, आणि शेवटी दोघांची गाठ पडते तेव्हा कपड्यांची कोपरं गेलेली असतात.

मला पी.टी.साठी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले होते. आण्णा, म्हणजे आमचे वडील, दुकानात शिरतानाच म्हणाले होते, "वाढत्या मापाचे दाखवा." पहिलं वर्षभर त्या बुटांच्या पुढच्या भागात कापूस राहत होता आणि मागच्या भागात मी. दुसऱ्या वर्षी कापूस निघाला, मोज्यांचे दोन जोड आले. तिसऱ्या वर्षी एका सकाळी बूट अगदी अंगच्यासारखे बसले, आणि त्याच दिवशी कवायतीत उजव्या बुटाने तोंड उघडलं. आई म्हणाली, "बघ, पुरेपूर वसूल झाले की नाही!"

शिंप्यांच्या भाषेत एक सुंदर शब्द आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला ते 'माया' म्हणतात. "पोराची चड्डी आहे, जरा माया ठेवा." ज्या शिंप्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याच्यापुढे भल्याभल्या तत्त्वज्ञांनी टेप धरून उभं राहावं. आईबापांची माया नेमकी अशीच असते. आत दुमडलेली, बाहेरून न दिसणारी, वेळ आली की उसवून देता येणारी. फार झाली तर टोचते, एवढंच. पण ही सोय कापडात. बुटात माया दुमडून ठेवता येत नाही. ती आधीच मोकळी सोडावी लागते, आणि ती भरून येईपर्यंत पोराने त्या पोकळीसकट चालायचं असतं. मग ती ठेवायची तरी किती?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो फुटबॉलच्या बुटांच्या रूपाने. आम्ही कोल्हापूरचे. इथे मूल जन्मलं की रास नंतर पाहतात, पेठ आधी. बाहेरगावच्या माणसाला आमच्या फुटबॉल संघांची नावं वाचून ही कुस्तीची यादी वाटते. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम. पण शाहू स्टेडियमवर सामना असला की आमच्या शाखेत 'डोकं दुखतंय' या सबबीखाली किती अर्ज येतात, ते विचारू नका. त्यात २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि भारताच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. तेव्हापासून गावातलं कुठलंही पोर पाळण्यात पाय झाडायला लागलं की घरातले एकमेकांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहतात.

आमच्या चिरंजीवांचं वय पावणेतीन. जवळच एक बालफुटबॉल वर्ग निघाला, अट फक्त अडीच वर्षं पूर्ण असण्याची. चिरंजीवांना अजून डावा-उजवा पाय कळत नाही, चप्पल घालतात ती हमखास उलटी. पण सौ. म्हणाली, "अहो, संध्याकाळी तेवढाच तासभर दमेल तरी." आमच्या पिढीतले बहुतेक खेळाडू याच उदात्त हेतूने घडलेले आहेत. वर्गाकडून सामानाची यादी आली: पाण्याची बाटली, शिनगार्ड, स्टडचे बूट. शिनगार्ड लावून पाहिलं तेव्हा ते घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पुरून वर उरलं. नडगीच तेवढी नाही.

तेव्हा आम्ही महाद्वार रोडवर गेलो. एवढ्याशा पायांसाठी एवढे प्रकार असतात हे मला ठाऊक नव्हतं. एक, टणक स्टडचे, खऱ्या गवतावर रुतणारे. दुसरे, तळाला रबराच्या बारीक बारीक गुठळ्या असलेले, टर्फवर चालणारे. तिसरे, सपाट तळाचे, फरशीवरचे. पैकी पहिला प्रकार सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत देखणा. स्टड हे मोठं प्रभावी प्रकरण आहे यात शंका नाही. १९५४ साली बर्नला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाऊस पडला, पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंच्या बुटांना आडी डासलरने स्क्रूने बसवायचे लांब स्टड लावले आणि त्यांनी हंगेरीसारख्या संघाला ३-२ ने हरवलं. पण चिरंजीवांसमोर हंगेरी नव्हती. समोर शेजारच्या इमारतीतली तीन वर्षांची मुलगी होती, आणि पहिल्या दिवशी ती गोलात झोपली होती.

त्यात त्या वयाच्या पायाचं बांधकामच अजून चालू असतं. हाडांचा बराच भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ. तळव्याची कमान दिसत नाही, तिथे चरबीची गादी असते, म्हणून या वयाचे सगळेच पाय सपाट दिसतात आणि त्यात काही वावगं नसतं. असा पाय टोकदार टणक स्टडवर उभा करायचा म्हणजे विटांवर टेबल ठेवण्यापैकी आहे. त्याला हवा मऊ, वाकणारा तळ. वाढीचं म्हणाल तर या वयात पाय महिन्याला मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांबतो. चिरंजीवांचा पाय पंधरा सेंटिमीटरचा. म्हणजे दरमहा सुमारे एक टक्का. आमच्या बँकेची कुठलीही मुदत ठेव आज हा दर देत नाही.

आणि बुटाचा नंबर म्हणजे काय, तर इंग्रजांच्या जवाचा एक दाणा. एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटर. लहान मुलांचे नंबर चार इंचांपासून सुरू होतात, तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून मोठ्यांचे सुरू. हिशेबाची ही कुठली पद्धत, हे बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं नाही. (चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडेच लाखभर भारतीयांच्या पायांची मापं घेऊन 'भा' नावाची आपली स्वतःची पद्धत सुचवली आहे. आपले पाय रुंद निघाले म्हणे. कोल्हापुरी पायताण शिवणाऱ्यांना हे विचारलं असतं तर त्यांनी फुकटात सांगितलं असतं.)

दुकानदाराने सात नंबर घातला. बरोबर बसला. तो लगेच म्हणाला, "साहेब, नऊ घ्या."

"पण सात बसतोय की."

"बसतोय म्हणूनच सांगतोय. बसला म्हणजे संपला."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. एवढं मोठं वाक्य त्याने खोका बंद करता करता टाकलं होतं. आण्णांनी माझ्यासाठी, त्यांच्या वडिलांनी त्यांच्यासाठी हेच तर मानलं होतं. जे आज नीट बसतं ते वाया जाणार, म्हणून आज न बसणारंच घ्यावं. मग मी न्यायाने साक्षीदाराला विचारायचं ठरवलं. खाली वाकून म्हटलं, "बाळा, बूट लागतो का रे?"

"लागतो!" चिरंजीव ठणकावून म्हणाले. लागतो म्हणजे हवा.

"तसा नाही. चावतो का?"

चिरंजीवांनी दचकून बुटाच्या आत वाकून दात पाहिले.

नव्या माणसाने हसावं असा हा प्रसंग, पण मला हसता येईना. आपल्याकडे म्हणतात, ज्याचं जळतं त्याला कळतं. इथे ज्याचं जळतं त्याला सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता येतं त्याने दुकानात पाकीट काढलेलं असतं. ज्याची साक्ष होऊच शकत नाही अशा माणसाच्या वतीने निकाल द्यायचा, तोही ज्याचा निकालात फायदा आहे अशा माणसाने! आमच्या बँकेत अज्ञान खातेदाराच्या पालकालासुद्धा एवढा अधिकार नाही. तिथे निदान सही तरी तपासतात.

कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून मला हा प्रश्न खतावणीत मांडावासा वाटतो. ज्या खर्चाचा फायदा पुढे अनेक वर्षं मिळतो तो भांडवली खर्च. ज्याचा फायदा त्याच वर्षी संपतो तो महसुली. आपण मुलावरचा झाडून सारा खर्च भांडवली खात्यावर टाकतो. पुस्तक घेतलं, पुढे इंजिनीअर होईल. चेंडू घेतला, पुढे जिल्ह्याच्या संघात जाईल. म्हणजे पावणेतीन वर्षांचा माणूस हा आपल्या वह्यांत माणूस नसतो, अर्धनिर्मित माल असतो. ताळेबंदात त्याला किंमत आहे, ती पूर्ण झाल्यावर जो होईल त्याच्या हिशेबाने. मला हे पटत नाही. पावणेतीन वर्षांचा माणूस पावणेतीन वर्षांचा म्हणून पुरा असतो. त्याला आज, याच मैदानावर, न अडखळता पळायचा हक्क आहे. नऊ नंबरचा बूट घालून जो नीट पळेल तो मुलगा अजून आमच्याकडे आलेला नाही. तो येईल तेव्हा त्याची सोय बघू. त्याच्यासाठी या मुलाला वर्षभर पाडायचं, हे कर्ज एकाने काढून हप्ते दुसऱ्याने भरण्यासारखं आहे, आणि असली प्रकरणं मी रोज टेबलावर पाहतो.

पण काटकसर करणाऱ्याला दुष्ट ठरवणं मला जमणार नाही. आण्णांच्या पगारात वर्षाला दोनदा बूट बसत नव्हते. मोठं माप घेणं ही त्यांची माया होती, आणि ती माझ्या पायाला कापसासकट लागली. माझा पगार त्यांच्यापेक्षा बरा आहे, म्हणून मला हे तत्त्वज्ञान परवडतं. तत्त्वज्ञानही शेवटी पगार पाहून येतं.

घरी आण्णांना हा सगळा खटाटोप मंजूरच नव्हता. ते एके काळी पेठेच्या संघात स्टॉपरला उभे राहत. त्यांचा निकाल एका वाक्यात: "बूट कशाला? अनवाणी पळू दे." आणि मग १९११. मोहन बागानने आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सोजिरांना २-१ ने हरवलं तेव्हा अकरांपैकी दहा अनवाणी होते. बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जींच्या पायांत. मग १९४८. लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, फ्रान्सशी १-२ ने हरलो, पण तेही दोन पेनल्टी वाया घालवून. मी हळूच म्हटलं, "आणि आण्णा, १९५२? हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने दहा घातले." आण्णा म्हणाले, "एक आपणही घातला." त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले, हे मी मनातच ठेवलं.

पण आण्णांच्या बोलण्यात तथ्य आहे. लहान पाय घरात जितका उघडा राहील तितका चांगला, हे आता डॉक्टरही सांगतात. फरक एवढाच की बूट कपाटात असताना अनवाणी पळणं वेगळं आणि बूटच नाहीत म्हणून पळणं वेगळं. आण्णांचं अनवाणीपण दुसऱ्या प्रकारचं होतं. ते त्याचा अभिमान बाळगतात, आणि तो अभिमान काढून घेण्याइतका मी शिकलेला नाही.

असो. तर माया किती ठेवायची? एक अंगठा. मूल उभं असताना, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही पाय मोजून मोठ्या पायाला धरायचं. वरून दाबून पाहू नये, पोरं आतल्या आत बोटं आखडून घेतात. त्यापेक्षा बुटातलं आतलं पातळ बैठक-पान बाहेर काढून त्यावरच पोराला उभं करावं. पुढे तुमच्या अंगठ्याची रुंदी, म्हणजे सेंटिमीटरभर, मोकळी राहिली की पुरे. तीन-चार महिने निघतात. मला हा हिशेब फार आवडला, कारण यात पोराच्या पायाला बापाचा अंगठा लागतो. आणि आमच्या धंद्यात अंगठ्याला सहीइतकाच मान आहे.

मी रबरी गुठळ्यांचे, सात नंबरचे, नऊशे रुपयांचे बूट घेतले. दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी मुदतीआधी ठेव मोडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. आईने विचारलं, "वाढत्या मापाचे आणलेस ना?" मी म्हटलं, "अंगठाभर." ती म्हणाली, "तेवढं तर हा दिवाळीपर्यंत खाऊन टाकेल."

फुटबॉलची प्रगती विचाराल तर चिरंजीवांना चेंडूपेक्षा मैदानावरचे नारिंगी शंकू आवडतात. ते एकात एक घालून, डोक्यावर ठेवून, ते मोठ्या समाधानाने मध्यरेषेवर फिरतात. सर शिट्टी वाजवतात, तेव्हा ते थांबून टाळ्या वाजवतात. मात्र बूट त्यांना इतके प्रिय झाले आहेत की रात्री ते पायांतून काढू देत नाहीत. झोप गाढ लागली की मी हळूच सोडवतो. मग उजेडाला त्रास नको म्हणून मोबाइलच्या दिव्यावर आतलं पान काढून पायाच्या तळव्याला लावून पाहतो, आणि पुढे उरलेल्या जागेवर अंगठा आडवा ठेवतो. गणपतीत पुरा अंगठा बसत होता. काल नख बाहेर राहिलं.

"अहो, अंधारात काय चाललंय?" सौ.ने झोपेतच विचारलं.

"काही नाही," म्हटलं, "शिल्लक बघतोय."