पालखीचा भार

चालू न शकणाऱ्या मुलाला घराबाहेर नेण्याचा भार कोणाचा, या प्रश्नाला तिरुवैयारुच्या परिसरातल्या शैव परंपरेत दोन उत्तरे सापडतात आणि ती एकमेकांशी सहज जुळत नाहीत. मराठी वाचकाला कावेरीकाठचे हे गाव ओळखीचे असते ते त्यागराजांच्या समाधीमुळे. शैवांच्या लेखी मात्र ते ऐयारप्परांचे, म्हणजे पंचनदीश्वराचे गाव. सातव्या शतकातले शैव संत अप्पर यांना कैलास दिसला ते ठिकाण.

पहिले उत्तर या अप्परांच्या कथेत आहे. बाराव्या शतकात सेक्किळारांनी ‘पेरियपुराणम्’मध्ये ती सांगितली. उतारवयात अप्पर कैलासाकडे निघाले. पाय झिजले तेव्हा हातांवर रांगले, हात गेले तेव्हा छातीवर सरकले, मग लोळत गेले आणि शेवटी तेही जमेना. वाटेत भेटलेल्या तपस्व्याने परत फिरायला सांगितले, तर त्यांनी साफ नकार दिला. अखेर शिवाच्या आज्ञेने त्यांनी एका तळ्यात बुडी मारली आणि ते वर आले ते तिरुवैयारुच्या तळ्यात, धडधाकट शरीराने. कैलास तिथेच दिसला. आडी महिन्याच्या अमावास्येला हा प्रसंग आजही साजरा होतो. महिपतींच्या ‘भक्तविजया’तले कूर्मदास याच जातकुळीचे: हातपाय नसलेला पैठणचा भक्त खुरडत पंढरीला निघतो, लऊळला त्याचे बळ सरते आणि विठ्ठलच तिथे येतो.

दुसरे उत्तर संबंधरांच्या कथेत आहे. हा बालसंत क्षेत्रोक्षेत्री फिरत असे आणि पाय थकले की वडील त्याला खांद्यावर घेत. बापाचा खांदा किती दिवस पुरणार? कथेत शिवानेच त्याची सोय केली. अरत्तुरै येथे मुलासाठी मोत्यांची पालखी दिली. पुढे तिरुवैयारुजवळच्या तिरुप्पून्तुरुत्ति गावी वृद्ध अप्पर गर्दीतून वाट काढत भोयांमध्ये शिरले आणि त्यांनी कुणाच्या नकळत दांडीला खांदा दिला. ‘अप्पर कुठे आहेत?’ असे मुलाने विचारल्यावर पालखीखालून उत्तर आले, की तुम्हाला वाहून नेण्याचे भाग्य लाभलेला मी इथेच आहे. मुलाने तिथल्या तिथे खाली उडी घेतली.

एका कथेत ठिकाण माणसाकडे येते, दुसरीत माणसाला ठिकाणी नेले जाते. आजच्या कायद्यातही हे दोन्ही मार्ग आहेत. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 16 नुसार शासनमान्य शाळांनी अशा मुलांच्या वाहतुकीची सोय करायची आहे आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलाबरोबरच्या मदतनिसाचीही. कागदावर दोन्ही पर्याय शेजारी शेजारी उभे आहेत. पण वाहनच नसेल तर पहिला पर्याय निवडला असे म्हणण्यात अर्थ नाही. तो गळ्यात पडलेला असतो. अप्पर आणि कूर्मदास दोघेही आधी घराबाहेर पडले होते, ही गोष्ट त्यांची उदाहरणे देताना हमखास विसरली जाते. ‘तुम्ही कशाला दगदग करता, देव घरीच भेटेल’ हा उपदेश त्या कथांमध्ये नाही. तो ऐकवणारे बहुधा स्वतःच्या पायांनी देवळात जाऊन आलेले असतात.

कर्मसिद्धांताची अडचणही याच वाटेवर उभी राहते. ‘तिरुक्कुरळ’ या जुन्या तमिळ नीतिग्रंथाच्या 37 व्या कुरळात पालखी वाहणारा आणि पालखीत बसणारा एकत्र आणले आहेत. जुना भाष्यकार परिमेलळगर याच्या मते, धर्माचे फळ काय असते हे शास्त्राने शिकवायला नको, या दोघांकडे पाहिले की पुरे. आधुनिक काळात अनेकांना पटलेले दुसरे वाचन नेमके उलट आहे: या दोघांमधल्या फरकाला धर्माची वाट म्हणू नका. पहिले वाचन तीव्र अपंगत्वाच्या मुलाला लावून पाहिले तर मोठी पंचाईत होते. वाहिला जातो तो मुलगा, तेव्हा पुण्यवान तोच ठरायला हवा. प्रत्यक्षात ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे शब्द त्याच्याच आईला ऐकावे लागतात. जो हिशेब सोयीप्रमाणे उलटा-सुलटा फिरतो, त्यावर कुणाची जबाबदारी ठरवता येत नाही.

भार म्हणजे नेमके काय, हे तंजावरच्या रस्त्यावर कळते. तिरुवैयारुला रेल्वे नाही. मोठे सरकारी रुग्णालय तंजावरला, बारा-तेरा किलोमीटरवर, आणि वाटेत वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी, कावेरी अशा पाच नद्यांचे पूल. मान न धरणारे चार वर्षांचे मूल आई कडेवर घेऊन साध्या बसमध्ये चढू शकते. तेच मूल बारा वर्षांचे झाले की उंच पायऱ्या, अरुंद दार आणि बाहेरच राहिलेली चाकांची खुर्ची यांपुढे तिचा इलाज चालत नाही. मग रिक्षा ठरवायची, तिचे भाडे द्यायचे आणि त्या दिवसाची मजुरीही सोडायची. तमिळनाडूत 2021 पासून साध्या भाड्याच्या शहर बसमध्ये दिव्यांगांना आणि सोबतच्या एका व्यक्तीला तिकीट लागत नाही. तीव्र अपंगत्वासाठी निर्वाह भत्ताही मिळतो. सवलत खरी आहे, पण जिच्यात चढताच येत नाही त्या बसचा फुकट प्रवास कोणाच्या कामाचा?

अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (2009) मध्ये हाच मुद्दा आकड्यांत मांडला आहे. अपंगत्वामुळे कमाई घटते, आणि शिवाय त्याच कमाईत इतरांइतके जगणे साधत नाही. विबके कुक्लिस यांच्या ब्रिटनमधल्या अभ्यासानुसार एकूण 17.9 टक्के लोक दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत होते. अपंग सदस्य असलेल्या कुटुंबांत हे प्रमाण 23.1 टक्के होते आणि जादा गरजांचा खर्च धरला की ते 47.4 टक्क्यांवर गेले. या दुसऱ्या उडीतला खर्च उत्पन्नाच्या दाखल्यावर कधीच उमटत नाही. वाहतूक त्यातच येते.

हा खर्च समाजाने का उचलावा? जॉन रॉल्स यांच्या 1971 च्या न्यायविचारात नागरिक म्हणजे परस्परांच्या उपयोगी पडणारे भागीदार, त्यामुळे ज्या मुलाकडून कधीच परतफेड होणार नाही त्याला तिथे नीट जागा मिळत नाही. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलीची आई असलेल्या एव्हा किट्टे यांनी 1999 मध्ये यावर वेगळी मांडणी केली: परतफेड मुलाने करायची नसते, जो मुलाला सांभाळतो त्याला इतरांनी सांभाळायचे असते. संबंधरांची कथा इथे अपुरी पडते, कारण तो मुलगा बोलतो, गातो, कृतज्ञतेने उडीही मारतो. चित्तिरै महिन्यातला तिरुवैयारुचा सप्तस्थान उत्सव अधिक जवळ जातो. ऐयारप्पर पालखीतून आसपासच्या सहा गावांना भेट देतात. देव काही बोलत नाही, एक पाऊलही टाकत नाही, तरी त्याला वाहण्याचा खर्च कोणी वायफळ म्हणत नाही. सात गावांत तो खर्च वाटला जातो.

वाटणीचा हा धडा हिशेबालाही लागू पडतो. उतार, खुर्ची अडकवण्याचे पट्टे, चालक आणि मदतनीस असलेली गाडी एका मुलाच्या नावावर लावली तर उधळपट्टी दिसते; तीच ठरलेल्या मार्गावर, शाळा आणि रुग्णालय जोडत फिरली तर बससारखी सार्वजनिक सेवा होते. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर अन्नछत्रे बांधली तेव्हा कोणत्या यात्रेकरूमागे किती तांदूळ लागला यावर त्याची पात्रता ठरत नव्हती. त्या छत्रांची मर्यादा एवढीच, की तिथवर पोचलेल्यालाच पान मिळे. गाडीच्या बाबतीत हीच मर्यादा घराच्या उंबऱ्यापाशी येते: अंथरुणापासून गाडीपर्यंत मुलाला उचलणारे हात बहुतेक घरांत एकट्या आईचेच असतात, आणि कलम 16 मध्ये ज्याच्या वाहतुकीची सोय सांगितली आहे त्या मदतनिसाची गरज तिथूनच सुरू होते.