एकतर्फी पाहणे

आपल्यापैकी पुष्कळांना अंदमान दिसते ते एल.टी.सी.च्या कृपेने. एरवी सुटीत गावी जाऊन येणारा दिल्लीचा मराठी कारकून त्या सवलतीवर विमानात बसतो आणि काही तासांत उष्ण कटिबंधात उतरतो. कोकण पाहिलेल्या माणसाला तेथील दमट वारा, माड-पोफळी, अवचित येणारा पाऊस हे सारे ओळखीचेच वाटते; समुद्राचा रंग तेवढा निराळा. परतल्यावर आपण सांगतो, “माणसे साधी आहेत, सुखी आहेत.” चार दिवसांत हे कसे कळले, असे कोणी विचारीत नाही.

अशी घाईची मते कधी कधी बरोबरही निघतात. माझा प्रश्न त्यांच्या खरेखोटेपणाचा नाही. जे डोळ्यांना दिसू शकते, ते पाहण्याचा अधिकार आपल्याला आपोआप मिळतो काय?

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. त्याच्या सात इमारतींची रचना अशी होती की, एकीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ यावी. कैद्याला कैदी दिसू नये. मध्यभागी मात्र मनोरा. आज तीनच इमारती उरल्या आहेत. १९११ साली तेथे आणलेल्या सावरकरांच्या कोठडीपुढे मराठी माणूस नतमस्तक होतो, आणि ते योग्यच आहे. मी मनोऱ्याकडे अधिक वेळ पाहत राहिलो. पाहणारा एक, पाहिले जाणारे शेकडो, आणि उलट पाहण्याची सोय नाही!

दुसऱ्या दिवशी मी रंगतच्या सरकारी बसमध्ये होतो. जिरकाटांगच्या फाटकापासून जारवांचे राखीव अरण्य लागते. तेथे वाहनांचा तांडा पोलिसांच्या सोबतीने सोडतात. वाटेत थांबण्यास व छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. तांडा निघाला तसे बसमधील रहिवासी डुलक्या घेऊ लागले आणि पर्यटक आसनांवरून अर्धवट उठले. जारवा कोणी दिसला नाही. “फेरी फुकट गेली,” असे एक सद्गृहस्थ म्हणाले.

नुसते पाहिल्याने कोणाचे काय बिघडते, असा युक्तिवाद होईल. १९९९ साली जारवांत गोवराची साथ पसरली होती. २०१२ साली त्यांना खाऊचे आमिष दाखवून नाचविल्याची चित्रफीत जगभर गाजली. पण असे काही घडले नसते, तरीही माझी शंका उरली असती. कचेरीत आपण दुसऱ्या बाजूचे म्हणणे मागविल्याशिवाय शेरा मारीत नाही. जारवांनी आपले म्हणणे पिढ्यान् पिढ्या बाणांनी कळविले होते. १९९७ च्या अखेरीस ते आपण होऊन बाहेर येऊ लागले, आणि त्यालाच आपण संमती मानले. शेजारी दारात उभा राहिला म्हणजे त्याच्या घरात डोकवावे, असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्याविषयी त्यांचे पहिले मत काय झाले असेल? बंद काचांमागून टक लावणारे चेहरे, ओळीने.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हा मार्ग बंद करण्यास सांगितले. वाहतूक आजही चालू आहे. मध्य व उत्तर अंदमानात पूर्व बंगालच्या निर्वासितांची गावे आहेत, त्यांना इस्पितळ गाठायचे असते. त्यांची गरज मी खोटी म्हणणार नाही. परंतु त्यांना त्या रस्त्याने पलीकडे जायचे असते. आसनावरून उठलेल्यांना पलीकडे जायचे नव्हते. बारातांगच्या गुहा हे निमित्त. सहल सुचविणाऱ्या दलालाने गुहांच्याही आधी जारवांचे नाव घेतले होते, आणि ते गिऱ्हाइकाची पारख असल्यामुळेच.