धोतर ड्युटीपुरतं

रोवणीचे पैसे मिळतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. रोवणी करायला पैसे भरावे लागतात, हे पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं.

मी आसगावचा. तालुका पवनी, जिल्हा भंडारा. वैनगंगेच्या बाजूचा धानाचा जो सपाट पट्टा आमच्याकडे चौरास म्हणून ओळखला जातो, त्यातलं हे गाव. आम्ही ज्याला रोवणी म्हणतो, त्याला पुण्याकडे भातलावणी म्हणतात. गेल्या जुलैत आमच्या टीमची सहल मावळातल्या एका कृषी पर्यटन केंद्रावर गेली. माणशी साडेचार हजार, एक रात्र. त्यात ‘शेतकरी व्हा’ नावाचा दोन तासांचा कार्यक्रम होता. पुरुषांना धोतर आणि फेटा, बायकांना नऊवारी, डोक्यावर इरलं, पायाखाली चिखल. आम्ही तीस जणांनी मिळून जेवढी रोपं लावली, तेवढी आमच्याकडच्या दोन बाया चहा उकळेपर्यंत लावून मोकळ्या झाल्या असत्या. पण मजा आली. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी तिथे तोंड पाडून धुऱ्यावर उभा होतो.

रात्री आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “मंग इकडे पाठव ना बाप्पा त्याईले. यंदा रोवण्याले बाया भेटून नाही राहिल्या.”

तिथेच हसून विषय संपला असता. पण दिवाळीत आतेभावानं एक बेत पुढे ठेवला. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या सफारीला नागपूरकडून लोक येतात. त्यांच्यासाठी आपल्या दोन एकरांत चार खोल्या बांधायच्या आणि ‘एक दिवस धानकऱ्याचा’ असं पॅकेज काढायचं. पाहुण्यांना चिखलात उतरवायचं, बैलजोडी हाकू द्यायची, रात्री चुलीवरचं जेवण. खोल्या तो बांधणार. वेबसाइट आणि त्या दिवसाची ‘स्टोरी’ मी लिहायची. म्हणजे ज्या गोष्टीवर मी हसत होतो, ती आता माझ्याच लॅपटॉपवर येऊन बसली. पाहुण्याला आपल्या घरच्यांचं सोंग घ्यायला लावून त्याचे पैसे घेणं बरोबर आहे का?

ही कल्पना काही नवी नाही. महाराष्ट्रात पांडुरंग तावरे यांनी 2005 मध्ये बारामतीजवळ कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला आणि 2020 मध्ये राज्य सरकारनं त्याचं धोरणही आणलं. जगात तर हा खेळ फार पुढे गेलाय. फ्लोरिडात डिस्नीनं मार्च 2022 मध्ये ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ नावाचं हॉटेल उघडलं. शंभर केबिन, दोन रात्री, आणि खिडकीबाहेर आकाशाऐवजी स्क्रीनवरचं अंतराळ. पाहुणा आत शिरला की तो ‘स्टार वॉर्स’मधला एक प्रवासी. बंडखोरांच्या बाजूनं जायचं की सत्तेच्या, हे त्यानं ठरवायचं आणि त्याप्रमाणे नट त्याच्याशी बोलणार. दोघांचे सुमारे 4,800 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं साडेतीन लाखांच्या वर. सप्टेंबर 2023 मध्ये ते बंद झालं. स्टारक्रूझरबद्दल मला काहीच नैतिक तक्रार नाही. तिथे कोणाचंही सोंग घ्या, तो कुठेच राहत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण तेलंगणातल्या संगारेड्डीचं आहे. तिथला जुना तुरुंग आता संग्रहालय झालाय, आणि 2016 मध्ये तिथे पाचशे रुपये भरून चोवीस तास कैदी म्हणून राहण्याची सोय सुरू झाली. कैद्याचे कपडे, कैद्याचं ताट. ऐकायला विचित्र वाटतं, पण तिथे आता खरे कैदी नाहीत. शेजारच्या कोठडीत जन्मठेपेचा माणूस बसलाय आणि तुम्ही गजांमागे सेल्फी काढताय, असं घडत नाही. घडत असतं तर पाचशे रुपयांचा तो गमतीचा दिवस एकदम किळसवाणा झाला असता. खेळ तोच राहिला असता, फक्त ज्याचं सोंग घेतलं तो माणूस बघायला हजर असता.

आणि शेतकरी हजर असतो.

यावर ठरलेला राग असा, की शहरातले लोक खोटं खोटं शेतकरी होतात, हा ढोंगीपणा आहे. मला तो पटत नाही. सोंग म्हणजे लबाडी, हे समीकरण निदान आमच्या भागात तरी कोणी मानत नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, शंकरपट असतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. आता वडसा हे त्या धंद्याचं केंद्र झालंय, आणि 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून शहरातल्या लोकांनाही झाडीपट्टीचं नाव माहीत झालं. पण मूळ प्रकार म्हणजे गावातल्या शेतकऱ्यानं रात्री राजा व्हायचं आणि सकाळी परत बांधीत जायचं. कोणी त्याला ढोंगी म्हणत नाही. बहुरूपी फौजदाराचा वेश करून दारात येतो, दम देतो, आपण हसतो, मग तो हात पुढे करतो. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडाचा बैल ओढत घरोघरी जातात आणि बोजारा मागतात. चार-पाच वर्षांचं पोर शेतकरी होतं, आणि गावाला त्याचं कौतुकच असतं.

मग मावळात वेगळं काय होतं? तिथे मला त्या दोन तासांत सगळ्यात जास्त आवडलेला माणूस म्हणजे आम्हाला रोपं धरायला शिकवणारे काका. पांढरं धोतर, लाल फेटा, कपाळाला बुक्का, तोंडात ‘राम राम पाव्हणं’. कार्यक्रम संपल्यावर ते गोठ्यामागे मोबाइल बघत बसले होते. मीही धानवाल्या घरचा आहे म्हटल्यावर ते मोकळे झाले. शेजारीच त्यांचं स्वतःचं शेत होतं आणि तिथे पॉवर टिलर चालतो. बैल फक्त पाहुण्यांसाठी पाळलेत. आणि धोतर? “धोतर ड्युटीपुरतं. घरी बर्मुडा.”

म्हणजे शेतकरी शेतकऱ्याचंच सोंग घेत होता. सार्त्रनं 1943 च्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’मध्ये एका वेटरचं वर्णन केलंय. तो जरा जास्तच चपळ, जरा जास्तच अदबशीर असतो, कारण तो वेटर ‘असण्या’चा खेळ खेळत असतो. सार्त्र याला आत्मवंचना म्हणतो. पण त्यानं आणखी एक गोष्ट टिपलीय आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते: गिऱ्हाइकालाच तसं हवं असतं. स्वप्नात हरवलेला वाणी गिऱ्हाइकाला खटकतो. तसा बर्मुडातला शेतकरी आम्हाला खटकला असता. आम्ही साडेचार हजार भरले होते ते आमच्या डोक्यातल्या शेतकऱ्याला भेटायला. काकांनी पुढे केलेल्या सगळ्या सुधारणा त्या दोन तासांपुरत्या गोठ्यामागे लपवाव्या लागत होत्या.

इथे मी काकांची कीव करायला लागलो होतो. पण त्यांनी ती घेतली नाही. शेतीपेक्षा हे काम हलकं, म्हणाले. “आणि पाऊस पडो न पडो, पगार होतो.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. शेती करण्यापेक्षा शेतीचं सोंग जास्त भरवशाचं आहे. आमच्याकडे धानावर तुडतुडा आला की हिरवं उभं पीक जळाल्यासारखं होतं. त्यातून वाचलं तर कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस. त्यातूनही वाचलं आणि खरेदी केंद्रावर माप झालं, तर चुकाऱ्याची वाट. बोनस जाहीर होणार का, किती होणार, खात्यात कधी येणार, हा आमच्या घरात वर्षभर पुरणारा विषय आहे. आमच्या क्षेत्रात कोड आधी स्टेजिंगवर चालवतात. तिथे काहीही मोडलं तरी कोणाचं नुकसान होत नाही. पर्यटक स्टेजिंगवर शेती करतो. काका दोन्हीकडे करतात, आणि त्यांचं घर स्टेजिंगवर चालतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो ते खिसा रिकामा असलेल्या माणसाबद्दल. ते उलट्या बाजूनंही खरं आहे. पैसे नसल्याचं सोंगही आणता येत नाही. आम्ही चिखल, कंबरदुखी, ऊन-पाऊस सगळ्याचं सोंग केलं. चुकारा अडकल्याचं कसं करणार?

आता इथे एक मोह होतो, की अनुभव अजून ‘खरा’ करावा. पाहुण्याला कर्जाचा कागद द्यावा, पीक बुडाल्याचं नाटक करावं, म्हणजे त्याला कळेल. मीही स्टोरीच्या पहिल्या मसुद्यात हा विचार करून बघितला. पण दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनजवळ इमोया नावाच्या आलिशान हॉटेलनं पत्र्याच्या झोपड्यांची नकली वस्ती उभी केली होती. आत तापवलेली फरशी आणि वायफाय. 2013 मध्ये तिच्यावर जगभरातून टीका झाली. तिथली फरशी थंड ठेवली असती आणि वायफाय काढलं असतं, तर ते हॉटेल जास्त नैतिक झालं असतं का? मला नाही वाटत. दुसऱ्याचं दुःख हुबेहूब उभं केलं की ते अधिक विक्रीयोग्य होतं, एवढंच. मावळातला आमचा खेळ अर्धवट, भाबडा, हसरा होता, आणि त्यातच त्याची सभ्यता होती. शेतकऱ्याचं दुःख कळावं म्हणून कोणी रिसॉर्टला जात नाही आणि जाऊही नये. त्यासाठी खरेदी केंद्राबाहेरची ट्रॅक्टरची रांग आहे, ती फुकट बघता येते.

म्हणून खरं-खोटं हा प्रश्नच मी बाजूला ठेवला. माझा प्रश्न वेगळा झाला: या सोंगासाठी कोणाला मागे जावं लागतंय? आणि सोंगं उलटी फिरतात का? झाडीपट्टीत शेतकरी राजा होतो, बहुरूपी फौजदार होतो. खालचा वरच्याचं सोंग घेतो आणि सगळे मिळून हसतात. रिसॉर्टमध्ये ती वाट एकाच दिशेनं जाते. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. त्या दरानं आमची एक रात्र म्हणजे पंधरा दिवसांची मजुरी. रोवणीच्या बाईनं ‘एक दिवस सॉफ्टवेअर इंजिनिअरचा’ घ्यावा, असं पॅकेज कोणी काढलेलं नाही. (काढलं तर ती तासाभरात मीटिंगमध्ये झोपेल, तो भाग सोडा.)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आत्यानं दिलं. ती आमच्याच गावात दिलेली. पॅकेजमधलं ‘चुलीवरचं जेवण’ तिच्या जिवावर होतं, आणि तिला ते कोणी विचारलं नव्हतं. कळल्यावर म्हणाली, “गॅस सोडून मी चुलीपाशी बसू? धूर मी खाऊ, आन् फोटो त्याईनं काढावा?”

आतेभावाचं म्हणणं, चुलीशिवाय कोण येईल. त्याचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही. खोल्यांचं कर्ज तो काढणार आहे, मी नाही. चार खोल्या रिकाम्या राहिल्या तर माझी तत्त्वं त्याचा हप्ता भरणार नाहीत. आमची यावर तीनदा वादावादी झाली. शेवटी चूल राहिली, पण पाहुण्यानं स्वतः पेटवायची. ज्याला धुराचा अनुभव हवा त्यानं फुंकणी घ्यावी, आत्या गॅसवर भात लावेल. बैलजोडी भाड्यानं आणायची नाही, कारण आमच्याकडे बैल आता नाहीत. पानावर मी लिहिलंय: चिखलणी ट्रॅक्टरनं होते, वाटल्यास शेजारी बसा. रोवणीत उतरायचं असेल तर धोतर मिळणार नाही, जुनी पँट आणा. बायांच्या शेजारी उभं राहून लावा, आणि त्या हसल्या तर हसू द्या.

एका गोष्टीवर मात्र दोघांचंही लगेच एकमत झालं. मंडईच्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्यांना नाटकाला न्यायचं. तिकीट त्यांनी काढायचं, खुर्चीचं किंवा जमिनीचं, आणि पहाटेपर्यंत बसायचं. मंचावर त्या रात्री राजा कोण असेल ते आम्ही सांगणार नाही. त्या दिवशीचं जेवण आठ वाजता, असं पानावर ठळक अक्षरांत टाकलंय. आत्यालाही नाटकाला जायचं असतं.