अंदाज बांधावा, पण पैज लावावी का?



मागच्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एका तरुणाचा अमेरिकेतून फोन आला. तो न्यू जर्सीत नोकरीला आहे. खुशाली विचारून झाल्यावर म्हणाला, "फादर, चर्चच्या छपराच्या कामासाठी थोडे पैसे पाठवतो. बेसबॉलच्या पैजेत जिंकलोय. पण हा जुगार नाही हं, हा अभ्यास आहे."

पैसे घ्यावेत की नाही, हे मला लगेच सांगता आले नाही. त्याच्या 'अभ्यास' या शब्दाने मला विचारात पाडले. अभ्यास केला की जुगाराचा जुगारपणा जातो का?

आधी तो काय करतो ते समजून घेऊ. अमेरिकेतील मुख्य बेसबॉल स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. हंगामापूर्वी पैजा घेणारा प्रत्येक संघासाठी एक आकडा जाहीर करतो, समजा ८४.५. संघ त्याहून जास्त सामने जिंकेल की कमी, एवढेच सांगायचे. अर्धा अशासाठी की बरोबरी होऊ नये. २०१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशा पैजांची वाट मोकळी करून दिली आणि न्यू जर्सीत त्याच वर्षी त्या कायदेशीर झाल्या. म्हणजे कायद्याचा प्रश्न त्याच्यापुरता मिटला. नीतीचा प्रश्न मात्र उरतोच.

या आकड्यांमागे खरोखरच अभ्यास असतो. बिल जेम्स या अमेरिकन अभ्यासकाने एक सोपे सूत्र मांडले. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. संघाने किती सामने जिंकायला हवे होते त्याचे प्रमाण मिळते. बहुतेक वेळा ते खऱ्या निकालाच्या जवळपास येते. पण २०१२ साली बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाने ७१२ धावा केल्या आणि ७०५ दिल्या. सूत्राप्रमाणे ८२ विजय व्हायला हवे होते, झाले ९३! एका धावेने निकाल लागलेल्या ३८ सामन्यांपैकी २९ त्यांनी जिंकले होते. पुढच्या वर्षी तोच संघ ८५ वर आला.

यात नवल नाही. एक नाणे १६२ वेळा उडवून पाहा. सरासरीने ८१ वेळा छाप पडेल, पण दहापैकी सुमारे तीन वेळा छापांची संख्या ७५च्या खाली किंवा ८७च्या वर जाईल. म्हणजे एखाद्या संघाची ताकद तंतोतंत ठाऊक असली, तरी त्याच्या विजयांचा आकडा ठाऊक होत नाही.

गुरुविद्यालयात संत थॉमस अक्वायनस शिकताना हा मुद्दा आम्ही वाचला होता. भविष्याबद्दल बोलताना ते तीन प्रकार करतात. काही गोष्टी आपल्या कारणांतून अटळपणे घडतात, जसे ग्रहण. त्या खात्रीने सांगता येतात. काही बहुतेक वेळा घडतात, जसे पाऊस किंवा आजाऱ्याचे बरे होणे. त्यांचा जाणकाराला अंदाज बांधता येतो. आणि काही माणसाच्या स्वतंत्र इच्छेवर वा योगायोगावर अवलंबून असतात. त्या फक्त परमेश्वराला ठाऊक. पहिल्या दोन प्रकारांत भविष्य सांगण्यात पाप नाही, असे ते म्हणतात. आपल्या तरुणाचा अंदाज दुसऱ्या प्रकारात मोडतो. बुद्धी वापरून अंदाज बांधणे हे देवाने दिलेल्या देणगीचा उपयोग करणेच आहे. आपला शेतकरीही आभाळाकडे पाहून पेरणी करतो आणि पदरचे बियाणे धोक्यात घालतो.

मग फरक कुठे? शेतकऱ्याचा अंदाज बरोबर ठरला तर भात पिकतो, चार घरे जेवतात. पैजेत मात्र काहीच पिकत नाही. एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते, आणि मधला आपला वाटा ठेवून घेतो. तिथे साधारणपणे १०० डॉलर जिंकण्यासाठी ११० डॉलर लावावे लागतात. हिशेब करून पाहा. शंभर पैजांपैकी ५२ जिंकल्या तर ५,२०० डॉलर मिळतात आणि उरलेल्या ४८ मध्ये ५,२८० जातात. अर्ध्याहून जास्त वेळा बरोबर ठरूनही माणूस तोट्यातच!

तरीही मी गर्जना करणार नाही. आपल्या सणाला आपण हाऊझी ठेवतो, आणि पहिला नंबर बऱ्याचदा मीच पुकारतो. ख्रिस्तसभेची शिकवणही प्रत्येक पैजेला पाप म्हणत नाही. स्वतःच्या वा कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला, माणूस त्या नादाचा गुलाम होऊ लागला किंवा फसवणूक शिरली, की तिथे रेषा ओलांडली जाते. हाऊझीला कोणी 'माझा अभ्यास आहे' म्हणत नाही. हरलो तर हसतो आणि घरी जातो. अभ्यास करणाऱ्याला हसून उठणे जड जाते. जिंकला तर ते त्याचे ज्ञान, हरला तर ते नशीब, आणि पुढच्या वेळी आणखी अभ्यास. त्याची चूक त्याला कधी सापडतच नाही. हा अहंकार मला पैशाच्या हानीपेक्षाही घातक वाटतो.

न्यूयॉर्क आपल्याला दूरचे वाटते. पण मुंबईचा मटका सुरू झाला तो तिथल्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवरच. त्या आकड्यांचाही 'अभ्यास' करणारे होते. त्यांच्या घरांचे काय झाले, हे जुन्या मंडळींना विचारा. आता मटक्याची जागा मोबाइलने घेतली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या देशात २०२५ साली कायद्याने बंदी आली, पण कायदा घराच्या दारापर्यंतच पोहोचतो. आत आपली सदसद्विवेकबुद्धीच हवी.

चार दिवसांनी मीच त्या तरुणाला फोन केला. विचारले, "गेल्या वर्षी हरला असतास, तर मला कळवले असतेस का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गेल्या वर्षी हरलोच होतो, फादर. यंदा जिंकले त्याच्या दुप्पट. बायकोला अजून माहीत नाही."

अशा पैशांतून दान द्यावे का, याचा विचार संत थॉमस यांनीही केला आहे, आणि त्यांनी सरसकट नकार दिलेला नाही. मलाही त्याच्या पैशाचा विटाळ नाही. पण मी त्याला म्हणालो, "छपराचे आपण पाहू. आधी दोन्ही वर्षांचा हिशेब बायकोपुढे ठेव. त्यानंतर तुम्हा दोघांना मिळून द्यावेसे वाटले, तर आनंदाने घेईन."

पैसे अजून आलेले नाहीत. पण परवा त्याच्या पत्नीचा फोन आला. फार काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "फादर, त्याने सांगितलं."

आपल्यापैकी कोणाच्या घरात असा न सांगितलेला हिशेब असेल, तर तो या आठवड्यात उघडावा. अंदाज चुकणे हे पाप नाही. ज्यांचा घास आपण पणाला लावतो त्यांना अंधारात ठेवणे, हे मात्र आपल्याला शोभत नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू