आजीची आठवण



आपल्या जिल्ह्यातील सिंदखेडराजाच्या लेकीला, जिजाऊंना, आपण शिवरायांच्या आई म्हणूनच ओळखतो. पण 1659 साली सून सईबाई वारल्या, तेव्हा दोन वर्षांच्या संभाजीला याच आजीने वाढवले. 1674 मध्ये राज्याभिषेक पाहून अकराच दिवसांनी त्यांनी डोळे मिटले.

संत पौलही तीमथ्याच्या विश्वासाविषयी लिहिताना आधी आजी लोईसचे नाव घेतो, मग आई युनीकेचे. आपल्यालाही ‘नमो मरिया’ बहुधा आजीनेच शिकवली.

मृत आजीसाठी मिस्सा सांगायला पुष्कळजण येतात, ते चांगलेच आहे. पण ‘फादर, आजी अंथरुणावर आहे, कम्युनियन घेऊन या’ असा निरोप क्वचितच येतो. आज मिस्सेनंतर मी दारापाशीच उभा राहीन. घर सांगा, याच आठवड्यात येतो.