टाळी नेमकी कशाला?

पॅराग्वेची राजधानी असुन्सिऑनच्या कडेला कातेउरा नावाची वस्ती आहे. शहराचा कचरा तिथे येऊन पडतो आणि वस्तीतली बरीच कुटुंबं त्यातून विकण्याजोगं वेचून पोट भरतात. फाविओ चावेस हे पर्यावरण तंत्रज्ञ कामानिमित्त तिथे गेले आणि २००६च्या सुमारास वेचकांच्या मुलांना संगीत शिकवू लागले. शिकणारी मुलं वाढली, वाद्यं पुरेनात. तिथल्या घरापेक्षा व्हायोलिन महाग. ते मुलाच्या हाती देऊन घरी पाठवलं तर चोरीला जाण्याची किंवा अडीअडचणीला विकलं जाण्याची भीती. मग निकोलास गोमेस या वस्तीतल्याच कारागिरानं तेलाचे डबे, जुने काटे-चमचे, टाकाऊ लाकूड यांतून व्हायोलिन आणि चेलो घडवले. विकून काहीच मिळणार नाही असं वाद्य मूल निर्धास्त घरी नेऊ शकतं, रोज रियाज करू शकतं. डब्याचं व्हायोलिन जन्माला आलं ते या साध्या गरजेतून.

पुढे हा वाद्यवृंद जगभर गाजला. २०१४ मध्ये मेटॅलिका या प्रसिद्ध बँडबरोबर दक्षिण अमेरिकेत त्याचे कार्यक्रम झाले, २०१५ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला. याचा आनंद आहेच. पण असे कार्यक्रम पाहताना आपली नजर बहुधा डब्यावर खिळते. समोरची मुलगी सुरात वाजवते आहे का, कालच्यापेक्षा आज तिचा हात हलका पडतो आहे का, हे आपण ऐकतच नाही. कौतुक गरिबीचं होतं, मेहनतीचं राहून जातं. मला हा त्या मुलीवरचा अन्याय वाटतो. चूक झाली की थांबवणारा, तीच ओळ पुन्हा वाजवायला लावणारा शिक्षक तिला खरा मान देतो, कारण तिला जमेल यावर त्याचा विश्वास असतो.

मुलांवरचा असाच विश्वास आपल्याकडेही दिसतो. ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांसोबत २०१४ मध्ये ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्त्यांमधली मुलंच विषय निवडतात, नाटिका रचतात, बसवतात आणि ‘नाट्यजल्लोष’ या महोत्सवात सादर करतात. जाणकार रंगकर्मी मदतीला असतात, पण गोष्ट मुलांची. मतकरी तेव्हा पंच्याहत्तरीत होते. १९६२ पासून ज्यांनी मुलांसाठी नाटकं लिहिली, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ दिली, त्यांनी त्या वयात मुलांनाच सांगितलं की आता तुम्ही रचा.

मुलांना आपल्या घरातलं, गल्लीतलं दुःख मांडावंसं वाटलं तर ते मांडण्याचा त्यांना पुरा हक्क आहे. मात्र समोर बसलेल्या आपल्याला तेवढंच पाहायची सवय लागू नये. वस्तीतल्या मुलानं दर वेळी दारुडा बापच का उभा करावा? चेटकीण, राजा, चंद्रावर निघालेला वेडा शास्त्रज्ञ हेही त्याचेच आहेत. सुखवस्तू घरातल्या मुलाला आपण कधी म्हणतो का, की बाळा, आधी तुझं दुःख दाखव, मग रंगमंच देतो?

दुसरी गोष्ट सोबतीची. सुट्टीत तीन दिवसांचं शिबिर होतं, टी-शर्ट वाटले जातात, फोटो निघतात आणि ताई-दादा परत येत नाहीत. अर्ध्यावर सोडून गेलेली माणसं या मुलांनी आधीच पुष्कळ पाहिलेली असतात. त्यांत आपली भर घालायची असेल तर मुळात जाऊच नये, असं मला ठामपणे वाटतं. मतकरी मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत गेले. त्यांच्यानंतरही ठाण्याच्या कार्यकर्त्यांनी ‘नाट्यजल्लोष’ थांबू दिला नाही. ही चिकाटी मला कुठल्याही देखण्या सोहळ्याहून मोठी वाटते.

म्हणून देणगी द्यायला निघालेल्यांना एक विनंती. उद्घाटनाच्या कार्यक्रमाचा खर्च विचारू नका, पाचव्या वर्षीच्या तालमींचा विचारा. तो फार नसतो. बसायला हक्काची जागा, संध्याकाळचा खाऊ, शिकवणाऱ्याचं वेळेवर मानधन आणि अंधार पडल्यावर मुलींना घरापर्यंत सोडायला एक खात्रीचं माणूस.