मुखवटा निघालाच नाही तर?

1998 साली थेट व्हिडिओ कॅसेटवर आलेल्या ‘स्कूबी-डू ऑन झोंबी आयलंड’ या अॅनिमेशनपटात एक प्रसंग आहे. लुइझियानातल्या दलदलीच्या बेटावर भुतांची रहस्ये उकलणाऱ्या टोळीतल्या फ्रेड आणि डॅफ्नीच्या हाती एक झोंबी सापडतो. फ्रेडला खात्री असते, हा कुणीतरी सोंग घेतलेला माणूस आहे. आजवर दर वेळी तसेच तर निघाले. तो सवयीने मुखवटा ओढतो आणि अख्खे मुंडकेच त्याच्या हातात येते.

स्कूबी-डूवर वाढलेल्या अमेरिकी प्रेक्षकांत या प्रसंगावरून सरळ दोन तट पडले. एका गटाला हा सारा चित्रपट अतिशय आवडला. लहानपणी दर आठवड्याला खोटे भूत पाहिलेल्यांना पहिल्यांदाच खरोखर घाबरायला मिळाले होते, आणि त्यातले कित्येक आजही स्कूबी-डूच्या सगळ्या चित्रपटांत याला वरचे स्थान देतात. दुसऱ्या गटाला हा विश्वासघात वाटला. भूत नसते, असतो तो लोभी माणूस, हे ज्या मालिकेने मुलांना शिकवले तिनेच आता खरी भुते का उभी करावीत? कार्टूनवरचा वाद म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. माणसाने कशावर, किती आणि कुठल्या पुराव्यावर विश्वास ठेवावा, याचाच तो वाद आहे.

मुळात ही मालिका जन्मली तीच प्रेक्षकांच्या मतामुळे. 1968 साली मॅसॅच्युसेट्समध्ये पेगी चॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना काढली. शनिवारी सकाळच्या कार्टूनमधल्या मारामारीविरुद्ध पालकांचा आवाज चढू लागला, तशी वाहिन्यांना हिंसा नसलेली, तरी मुलांना खिळवून ठेवणारी गोष्ट हवीशी झाली. सीबीएस वाहिनीच्या फ्रेड सिल्व्हरमन यांच्या मागणीवरून हाना-बार्बेरा कंपनीत जो रूबी आणि केन स्पिअर्स यांनी रहस्ये उकलणाऱ्या चार पोरांची (फ्रेड, डॅफ्नी, व्हेल्मा, शॅगी) आणि स्कूबी या कुत्र्याची कल्पना रचली. सुरुवातीचा आराखडा वाहिनीच्या वरिष्ठांना फार भीतिदायक वाटला. मग भित्र्या कुत्र्याला पुढे आणून विनोद वाढवला गेला आणि 13 सप्टेंबर 1969 रोजी ‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ सुरू झाली.

त्या पहिल्या मालिकेचे 25 भाग निघाले आणि त्यांनी एक साचा पक्का केला. पहिल्याच भागातला काळा सरदार म्हणजे चित्रांच्या चोरट्या व्यापारात गुंतलेला संग्रहालयाचा माणूस निघतो. खाणीत फिरणारे जुन्या खाणकामगाराचे भूत म्हणजे तिथला रखवालदार; त्याला खाणीत तेल सापडलेले असते आणि म्हणून तो बाकीच्यांना पळवून लावू पाहत असतो. म्हणजे दुष्टपणाला नाव असते, पत्ता असतो, हेतू असतो आणि शेवटी त्याला बेड्याही पडतात. इतका दिलासा देणारे जग मुलांसाठी क्वचितच कुणी रचले असेल.

खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना या साच्याचे मोल कळले होते. ‘द डीमन-हॉन्टेड वर्ल्ड’ या पुस्तकात त्यांनी ‘एक्स-फाइल्स’सारख्या मालिकांवर टीका केली, कारण त्यांत अलौकिक दावा जवळजवळ नेहमी खराच निघतो. स्कूबी-डू मुलांसाठी जे करते ते मोठ्यांसाठी करणारी मालिका हवी, म्हणजे ती वास्तवाला अधिक धरून राहील आणि लोकांचे त्यात अधिक भले होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

सेगन यांचा मुद्दा बिनतोड वाटतो. पण त्यात एक फट आहे, आणि ती अडीचशे वर्षांपूर्वीच दिसली होती. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी 1748 साली चमत्कारांवर लिहिलेल्या प्रसिद्ध प्रकरणात एका हिंदी राजपुत्राचा दाखला दिला आहे. थंड देशात पाणी गोठून घट्ट होते, हे सांगणाऱ्यांवर त्या राजपुत्राने विश्वास ठेवला नाही. ह्यूम त्याला मूर्ख ठरवत नाहीत. उलट त्याने योग्यच विचार केला, असे ते म्हणतात. त्याच्या अनुभवात पाणी कधीच गोठले नव्हते. इतकी अपरिचित गोष्ट मानायला तितकाच भक्कम पुरावा हवा. तरीही बर्फ असतो तो असतोच. विचार करण्याची रीत बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो, हे ह्यूम यांच्याच दाखल्यातून निघते.

मुखवटा ओढणारा फ्रेड हा तोच राजपुत्र आहे. मुंडके हातात येईपर्यंत त्याचे काहीही चुकलेले नसते. ते हातात आल्यावर मात्र त्याने मत बदलायला हवे, आणि चित्रपटाचे मोठेपण हे की त्यातली मंडळी ते बदलतात. म्हणून विश्वासघात झाला म्हणणाऱ्यांचे म्हणणे पटत नाही. भूत नसतेच हे आधीच ठरवून केलेल्या तपासाला तपास म्हणता येत नाही, तोही एक पाठ केलेला मंत्रच. मुखवटा ओढण्याला अर्थ येतो तो कधीतरी तो निघणार नाही, ही शक्यता मान्य केली तरच.

याच कसोटीवर 1985 सालची ‘द थर्टीन घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू’ मात्र कमी पडते. एबीसी वाहिनीवरच्या या 13 भागांच्या मालिकेत शॅगी आणि स्कूबी फसवणुकीला बळी पडून एक पेटी उघडतात आणि तेरा भुते मोकळी सुटतात. ज्यांनी ती सोडली त्यांनीच ती पुन्हा कोंडायची, अशी अट असते. केलेल्या कर्माची जबाबदारी टाळता येत नाही, ही कल्पना चांगलीच आहे. मालिकेतल्या मांत्रिकाला व्हिन्सेंट प्राइस यांचा आवाज लाभला आहे आणि तो ऐकताना आजही मजा येते. पण या मालिकेत व्हेल्मा आणि फ्रेड नाहीतच, आणि शंका विचारणारेच कथेतून गेल्यावर भुते आपोआप खरी होतात. शिवाय ती पेटी सापडते हिमालयात. 1969 सालचे भूत शेजारच्या खाणीत राहत होते. खरे भूत हवे झाले तेव्हा अमेरिकेला थेट पूर्वेकडचे डोंगर आठवले. हे खटकते.

तेच ‘झोंबी आयलंड’मध्येही खटकते. चित्रपटातल्या खलनायिका मेणाच्या बाहुल्यांनी माणसांना जखडतात. लुइझियानातला व्हूडू हा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या श्रद्धांमधून वाढलेला जिवंत धर्म आहे आणि हैतीतल्या झोंबीच्या कल्पनेत गुलामगिरीचीच भीती आहे: मेल्यावरही मालकासाठी राबत राहणे. खऱ्या भुतांना हो म्हणणाऱ्या प्रेक्षकाने हेही विचारले पाहिजे, की कुणाची श्रद्धा आपल्या भीतीचे सामान बनली आहे?

तरी त्या कथेच्या पोटात एक खरा धार्मिक प्रश्न आहे. बेटावर मार्जारदेवतेची उपासना करणारे लोक राहत असतात. समुद्री चाचे येऊन त्यांना मगरींच्या तोंडी देतात. वाचलेल्या बायका देवतेकडे सूडाची शक्ती मागतात आणि ती त्यांना मिळते. पुढे जगत राहण्यासाठी त्यांना बेटावर येणाऱ्या निरपराध माणसांचा जीव शोषावा लागतो. जमिनीतून उठणारे भेसूर झोंबी हे त्यांचेच बळी असतात आणि ते नव्या पाहुण्यांना सावध करायला धडपडत असतात. प्रार्थना ऐकली गेली, आणि त्यातूनच पीडित पुढे पीडा देणारे झाले. मुलांच्या कार्टूनमध्ये इतका अवघड विचार फारसा सापडत नाही.

मराठी वाचकाला या सगळ्यात भानामती आठवल्यावाचून राहणार नाही. घरावर दगड पडतात, कपडे पेट घेतात, अन्नात घाण निघते. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि 1989 पासून काम करणारी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी अशी प्रकरणे तपासली, तेव्हा मागे घरातलेच कुणीतरी माणूस निघे. पण ते बहुधा लोभी नसे. दबलेले, दुखावलेले, बोलता न येणारे असे. म्हणून कार्यकर्ते त्याचे नाव गावासमोर न आणता त्याची समजूत घालण्यावर भर देत. मुखवटा काढल्यानंतर त्याखालच्या चेहऱ्याशी कसे वागायचे, हे स्कूबी-डूने कधी शिकवले नाही. तिथे पोलिसांची गाडी येऊन उभी राहते आणि गोष्ट संपते.

2010 ते 2013 या काळात कार्टून नेटवर्कवर आलेली ‘मिस्टरी इनकॉर्पोरेटेड’ या प्रश्नाच्या बरीच जवळ जाते. क्रिस्टल कोव्ह हे शहर भुताटकीच्या पर्यटनावर पोट भरते, त्यामुळे मुलांनी मुखवटे उतरवले की आईबापच चिडतात. फ्रेडचा महापौर बाप स्वतःच एक राक्षसी सोंग घेऊन वावरतो. इतकेच नाही, फ्रेड मुळात त्याचा मुलगाच नसतो. त्याच्या खऱ्या आईबापांना शहराबाहेर ठेवण्यासाठी त्याने ते तान्हे मूल पळवलेले असते. बऱ्याच चाहत्यांना स्कूबी-डूचा हा सर्वोत्तम अवतार वाटतो, आणि पहिल्या पर्वापुरते ते पूर्ण खरे आहे.

अखेरीस मात्र कळते की शहराखाली एक प्राचीन दुष्ट शक्ती कोंडलेली होती आणि तिथल्या माणसांचा लोभ हा तिचाच प्रभाव होता. ती नष्ट होताच काळच बदलतो. सगळे भले होतात, कुणी काही केलेलेच नसते. अनेक प्रेक्षकांना हा शेवट समाधान देतो, पण त्यात खाणीतल्या त्या रखवालदाराला 1969 साली दिलेला मान हरवतो: आपले कृत्य आपले असण्याचा मान. नव्या काळात फ्रेडला खरे आईबाप मिळतात. जुन्या काळात पळवलेल्या मुलाचे बालपण मात्र ती शक्ती गेल्याने परत येत नाही. ते घडले होते हे त्या पाच जणांना आठवते, आणि ज्याने ते केले त्याला विचारायला जावे तर त्याने ते केलेलेच नसते.